दिलावर खलाशाचं ‘पुट अप’

इंग्रजांच्या बोलीवर माझा राग आहे, आणि तो काही मला ती आली नाही म्हणून नाही. एका शब्दाला शेपूट जोडायचं, त्याच्याकडून दहा कामं करून घ्यायची आणि समोरच्यानं भलतंच काम उचललं की त्याच्यावरच खेकसायचं! आमच्या दिलावरला असा एक शब्द भेटला होता.

दिलावर केडगावचा. लढाई सुरू झाली, नगरच्या छावणीत माणसं हवी होती, म्हणून तो आणि मी बरोबरच रोजंदारीवर खलाशी झालो. खलाशी म्हटलं की लोकांना जहाज आठवतं. नगरला कुठला आलाय समुद्र? आमचं काम तंबू उभारायचं. साहेब ‘पुट अप!’ ओरडला की खुंट्या, त्या ठोकायच्या मोगऱ्या, दोरखंड घेऊन धावायचं. दिलावरला वाटलं, पुट अप म्हणजे उभारणं. चला, इंग्रजी आलं!

कसलं येतंय! एकदा पुण्याहून एक कप्तान आला आणि साहेब म्हणाला, याला पुट अप करा. दिलावर दोरखंड हातात धरून पाहुण्याकडे बघतच राहिला. साहेबाचं बोलणं आम्हाला मराठीत सांगायला राधाकृष्ण नावाचा कारकून होता. तो हसत म्हणाला, “अरे, त्याची राहायची सोय करायची!” पुढं कळलं, वाण्यानं साखरेचा भाव चढवला तरी पुट अप, आणि भिंतीवर नोटीस लावली तरी पुट अपच.

ती नोटीस अशी, की गोऱ्यांच्या नळावर खलाशांनी पाणी प्यायचं नाही. दिलावर भडकला. राधाकृष्णानं समजूत घातली, “पुट अप विथ इट, दिलावर. म्हणजे सोसायचं, मुकाट्यानं.”

“म्हंजे तंबू उभा करायचा आमी, भाव चढवायचा वान्यानं, नोटीस लावायची सायबानं, आन् सोसायचं परत आमीच? ह्यो शेवटचा अर्थ मला शिकवू नगा, भाऊसाहेब.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, तो त्याच नळाला तोंड लावून पोटभर पाणी प्याला. मुकादमानं शिव्या हासडल्या. मला त्याचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली. घरी त्याची आई हाजराबी अंथरुणाला खिळलेली होती, आणि चूल पेटायची ती ह्याच्या एकट्याच्या रोजावर.

त्रेचाळीस सालच्या फाल्गुनात पलटण सरावासाठी तिसगावकडं गेली, आम्हीही गेलो. साहेबाला मोठ्या तंबूसाठी सपाट जागा हवी होती. सापडली ती छबूबाईच्या खळ्याची. शेणानं सारवलेली, वर ज्वारीची कणसं पसरलेली, आणि मधोमध तिवडा, म्हणजे मळणीचे बैल ज्याच्याभोवती फिरवतात तो खांब. नवरा गेल्यावर बाईनं एकटीनं पिकवलेलं वर्षाचं धान्य होतं ते. साहेब बुटांसकट कणसं तुडवत तिवड्यापाशी गेला. आमच्याकडं खळ्यात लहान पोरही वहाणा घालून जात नाही, मग खळं कुणाचंही असो.

“आरं, त्येला पायातलं काढाया सांगा कुनीतरी!” छबूबाई ओरडली.

साहेबानं तिवड्यावर छडी आपटली. हा खांब उपटा, याच खड्ड्यात तंबूचा खांब रोवा. पुट अप!

दिलावरनं वहाणा काठावर काढल्या. खळ्यात गेला, मोगरी खाली ठेवली आणि तिवड्याला पाठ लावून उभा राहिला.

“न्हाई.”

एवढं समजायला साहेबाला राधाकृष्ण लागला नाही. तो लालबुंद झाला. ह्याला ओढून बाजूला करा म्हणून त्यानं आमच्याकडं छडी रोखली. रोज बुडेल याची मला भीती होती, खोटं कशाला सांगू? पण अनवाणी उभ्या असलेल्या दिलावरच्या अंगावर कोणत्या तोंडानं जायचं? मीही मोगरी टाकली, मग बाकीच्यांनी टाकल्या. साहेबानं दिलावरचा बिल्ला हिसकावला, त्याला तिथल्या तिथं कामावरून काढलं आणि आम्हाला ओढ्यापलीकडच्या माळावर हाकललं. तिथंही आम्ही एक खुंटी ठोकली नाही. दिलावरला परत घ्या, मग तंबू.

दिवस कलला तसा साहेब नरमला. राधाकृष्णाला घेऊन तो पुन्हा खळ्याच्या काठाशी आला. बाकीचे लांबूनच बघत राहिले, मी मागोमाग गेलो. दिलावर छबूबाईचे बैल तिवड्याभोवती हाकत होता.

राधाकृष्ण म्हणाला, “दिलावर, साहेब म्हणतात, माफी माग. नोकरी ठेवतो.”

मला हाजराबी आठवली. हो म्हण रे बाबा, असं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या.

दिलावर चालता चालताच म्हणाला, “माफी मागायची आसंल तर बूट काढून आत यावं म्हनावं. मालकीन हितंच हाय.”

राधाकृष्णानं हे शब्दाला शब्द साहेबाला सांगितलं. साहेबानं बूट काढले नाहीत. दिलावरनंही बैल थांबवले नाहीत.