लाभ, दोन, तीन

दुखणेकरी घरात आला की आधी औषधाच्या बाटल्या साचतात, मग भेटायला येणारे साचतात, आणि शेवटी उरतात ते किस्से. "कसं सोसलं वो तुमी?" असं विचारत बाया डोळ्याला पदर लावतात आणि मी हसायला लागते. त्यांना वाटतं, म्हातारी चळली!

निजामाच्या राज्यातली गोष्ट. आम्ही बोरीचे. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, गावचे मापाडी. खळ्यावर ज्वारीची रास पडली की पायलीनं मोजून द्यायची, हे आमच्या घरचं पिढीजात काम. एका उतारावर गाडी उलटली आणि त्यांचं डोकं दगडावर आपटलं. आठ दिवस शुद्ध नाही. शुद्ध आली तेव्हा उजवा हात लुळा आणि बोलणं पार गेलेलं.

पाटलांनी सांगून टाकलं, "पुढच्या राशीपर्यंत वाट बघू. न्हाई जमलं तर पायली दगडूकडं."

दगडू माझा चुलत दीर. गाडी उलटल्यावर सगळ्यात आधी तोच धावत आला होता. गाडीतली पायली फुटली तर नाही ना, ते बघायला!

*

परभणीच्या दवाखान्यातले डॉक्टर भला माणूस. मला म्हणाले, "बाई, इनसे बोलते रहो. दिनभर बोलो. दवा से जादा वही काम करेगा."

मला कुणी "बोल" म्हणून सांगितलं, असं जन्मात पहिल्यांदाच घडलं! घरी आल्यापासून मी सुरू झाले. भाकरी थापताना बोलायची, त्यांचा हात चोळताना बोलायची, विहिरीवरून येताना दारापासूनच बोलत यायची. तिसऱ्या दिवशी आत्याबाई, म्हणजे माझी सासू, कपाळाला हात लावून बसल्या.

"त्या डाक्टरनं माझ्या लेकाला औषध न्हाई दिलं. सुनंला मोकळं सोडलं!"

*

महिनाभरानं मालकांच्या तोंडून पहिला शब्द निघाला. "लाभ."

मापाडी पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. मग दोन, तीन. बाकी सगळं बोलणं सांडून गेलं, पण मोजणी तेवढी तळाशी चिकटून राहिली होती. भूक लागली, लाभ. पाणी पाहिजे, लाभ. भाजीत मीठ जास्त झालं तरी लाभच, फक्त जरा मोठ्यानं!

त्यात शेजारची सोनाबाई आली. तिची दुभती म्हैस सकाळीच मेली होती. बिचारी ओसरीवर बसून हुंदके देत सगळं सांगत होती. मालकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मान हलवली आणि प्रेमानं म्हणाले, "लाभ!"

सोनाबाई महिनाभर आमच्याकडे फिरकली नाही.

*

पुढे मोजणी सातापर्यंत गेली आणि तिथंच अडली. सात झाले की परत लाभ. पण त्यातूनही माणसानं युक्ती काढली. घरातल्या प्रत्येकाला एकेक आकडा देऊन टाकला! मी लाभ. आत्याबाई दोन. दोन बैल, तीन आणि चार. गाय पाच, वासरू सहा, कुत्रं सात.

त्या काळी नवरे बायकोचं नाव घेत नसत. लग्नाला सहा वर्षं झाली होती, तरी 'गोदा' हे माझं नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "ऐकलं का" यावरच सगळा संसार चालला होता. तेव्हा 'लाभ' म्हणजे मला बढतीच!

आत्याबाई मात्र पेटल्या. "नऊ महिने पोटात मी वागवलं, अन् मी दोन?"

"बैलाच्या आधी हाव की, आत्याबाई," मी म्हटलं.

दगडूनंही हौसेनं विचारलं, "दादा, मी कितवा?" मालकांनी सातापर्यंत मोजलं, त्याच्याकडे नीट बघितलं आणि पुन्हा लाभपासून सुरुवात केली!

*

मग आला लेव्हीचा अंमलदार, घरोघरचं धान्य लिहून सरकारचा वाटा उचलायला. ओसरीवर मालक दिसले तेव्हा त्यांनाच विचारलं, "घर में कितने बोरे?"

मालकांनी अंगणभर नजर फिरवत शांतपणे मोजलं. सातावर थांबले. अंमलदार सात लिहायला लागला. घरात पोती होती दोन!

मी तोंडावरचा पदर सारून पुढे आले. "सायब, त्यात मी हाय, माझी सासू हाय, अन् कुत्रं बी हाय. आधी कुणाला पोत्यात भरता?"

*

हाताला वळण लागावं म्हणून मी नदीची वाळू आणून अंगणात ढीग घातला. रोज सकाळी पायली त्यांच्या हातात द्यायची आणि समोर बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया खिदळायच्या. "गोदे, वाळू इकायलीस का?"

"घे की पायलीभर. तुज्या भाकरीत तशीबी असतीच!"

पौषात एका सकाळी सात झाले, आणि मालक आठ म्हणाले. मग नऊ. मी चुलीपासून पिठाच्या हातानंच दारात आले. वीस झाले तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "गोदे, भाकर जळायली." पण उठल्या त्याही नाहीत.

*

आणि रास पडली. पाटलांच्या खळ्यावर गाव जमलं. दगडू धुतलेलं धोतर नेसून अगदी समोर बसला. मापाड्याला मोजताना कुणी आकडा सुचवायचा नाही, अशी रीत. त्यामुळे जन्मात पहिल्यांदाच घडलेली ही दुसरी गोष्ट: मी गप्प उभी राहिले.

मालकांनी राशीला हात जोडले. पायली भरली. उजव्या हातातून एक दाणा सांडला नाही. आता फक्त 'लाभ' म्हणायचं. त्यांनी मान वर केली, बायांच्या घोळक्यात मला शोधलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"गोदा!"

बायांनी पदर तोंडात कोंबले. दगडू ताडकन उठला. "पाटील, चुकला! पयल्यालाच चुकला!"

आत्याबाईंनी पदर सावरला आणि सरळ राशीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"काई चुकला न्हाई. मोज लेकरा पुढं. दोन मी हाय."