जुळलेली मापं

आमच्या जव्हारच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे सर स्टँडवरून दाभोसा गावाला जाणाऱ्या जीपची वेळसुद्धा आधी ड्रायव्हरला विचारतात, मग चहावाल्याला. मला त्याचं हसू यायचं. सुट्टीत ते दूरच्या दीर्घिकांच्या सर्वेक्षणावर काम करतात. "गुरुत्वाकर्षण एकदा दीर्घिकांच्या वेगावरून मोजायचं, एकदा वाकलेल्या प्रकाशावरून. मापं जुळली नाहीत, तर सिद्धांतच चुकला," असं सांगायचे. जुळली की स्टँडवर आम्हा सगळ्यांना चहा पाजायचे.

इथल्या डॉक्टरांनी सरांच्या पत्नीला कॅन्सर असल्याचं सांगितलं. सर रिपोर्ट घेऊन नाशिकच्या डॉक्टरांकडे गेले. संध्याकाळी एसटीतून उतरले, तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाले, सर?"

"दोन्ही मापं जुळली," ते म्हणाले.

चहावाल्याने पुढे केलेला ग्लास त्यांनी घेतला, थोडा वेळ हातात धरला आणि भरलेलाच परत ठेवला.