बंद हेडफोन

“हळू बोल जरा, ते ऐकतील,” आई दबक्या आवाजात म्हणाली.

“ऐकू देत की! ऐकू येत असतं तर आपण भांडत कशाला बसलो असतो?”

टिमकी बोलून गेली आणि तिचं तिलाच कसंसं झालं. बाहेरच्या खोलीत अप्पा खिडकीपाशी पाठमोरे बसून आपली हत्यारं पुसत होते. इकडे स्वयंपाकघरात तीन बायका अर्धा तास एकमेकींवर खेकसत होत्या, पण अप्पांच्या हातातलं फडकं एकदाही थांबलं नव्हतं.

टेबलावर मिठाची बरणी आणि आत्याचा चष्मा यांच्यामध्ये एक कोरा फॉर्म पडला होता. लिफ्ट कंपनी आपल्या मेकॅनिकांना दर वर्षी कान तपासून घ्यायला लावायची. तपासणी केंद्रात गेली चार वर्षं टिमकीच बसत होती, त्यामुळे अप्पांचे कानही तीच तपासायची. फॉर्म उद्या सकाळी द्यायचा होता.

“मागच्या वर्षीचेच आकडे उतरवून काढ,” आई म्हणाली. “कुणाच्या बापाचं काय जातंय?”

“माझ्याच बापाचं जातंय.”

“अगं, याला लहानपणीसुद्धा कामाचं सांगितलेलं ऐकू यायचं नाही,” आत्या मटार सोलत म्हणाली. ती अप्पांची थोरली बहीण. “आमच्या आईनं कुठे फॉर्म भरला होता?”

“वन्सं, तुम्ही जरा थांबा हो. टिमके, दोन वर्षं राहिलीत त्यांच्या नोकरीची. दोनच. घरी बसवलंस तर हा माणूस दिवसभर करेल काय?”

टिमकीनं कोरा फॉर्म आपल्याकडे ओढला.

टिमकी हे नाव अप्पांनीच ठेवलेलं. दोन वर्षांची असताना ती वाटी-चमचा घेऊन असा काही ताल धरायची, की शेजारीपाजारी दार वाजवायचे. नवव्या वर्षी अप्पा तिला पहिल्यांदा कामावर घेऊन गेले. एका उंच इमारतीच्या गच्चीवरची मशीन रूम, ग्रीसचा वास, आणि भिंतीवरच्या पेटीत खटाखट उघडझाप करणारे विजेचे खटके, रिले. अप्पांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरच्या अंगाला टेकवलं आणि मूठ तिच्या कानाला लावली.

“ऐक. हे बेअरिंग. ही पुली. आणि हा ब्रेक. ब्रेक बिघडायच्या आधी बारीक किंचाळतो, डासासारखा. तो आवाज ज्याला येत नाही ना, त्यानं या खोलीत पाय ठेवू नये.”

त्या मुठीतून तिला जे ऐकू आलं, त्याच्या मागे ती पुढची सतरा वर्षं धावत होती. शाळेत असताना ती मोबाइलवर रिलेंचे आवाज भरून आणायची. कॉलेजात गेल्यावर एक वापरलेला लॅपटॉप मिळवला, व्हिडिओ बघून बघून त्यावर संगीत बनवायला शिकली. आधी सहा महिने तिनं दुसऱ्यांसारखी नाचायची गाणी केली आणि ती दुसऱ्यांसारखीच झाली. कुणी ढुंकून बघितलं नाही. मग एके दिवशी तिनं रिलेचा ‘खट्’ घेतला, त्याच्याखाली मोटरची घरघर ताणून ताणून लांबवली, मध्ये लिफ्टचं दार मिटल्याचा निःश्वास टाकला. आत्या दारातूनच ओरडली, “अगं, फ्रिज बिघडला की काय?”

अप्पांनी मात्र हेडफोन लावला, डोळे मिटले आणि शेवटपर्यंत ऐकलं. कौतुक करणं त्यांना जमायचं नाही. ते दुरुस्ती करायचे. “मध्यावर कुठंतरी काहीतरी घासतंय बघ,” म्हणाले. टिमकीनं बघितलं, तर खरंच घासत होतं.

तेव्हापासून रविवारी दुपारची जेवणं झाली, की खरकटी तशीच ठेवून बापलेक तिच्या खोलीत जाऊन बसायची. तिच्या एकाही ट्रॅकनं अप्पांच्या कानांवरून गेल्याशिवाय घर सोडलं नाही. गेल्या तीन वर्षांत त्यांची दुरुस्ती एकच असायची. “वरचं काढ. वरचं उगाच आहे. खालचं येऊ दे.” ती काढत गेली. झांजा गेल्या, शिट्ट्या गेल्या, तारेसारखे बारीक सूर गेले. उरलं ते छातीत, बरगड्यांत वाजणारं काहीतरी. आणि तेच लोकांनी उचललं! आधी एका लहानशा क्लबात पन्नास माणसं, मग दुसऱ्या शहरांतून बोलावणी. “तुमच्यावर कुणाचा प्रभाव आहे?” असं एका मासिकवालीनं विचारलं. टिमकी म्हणाली, “अप्पांचा.” “अच्छा, ते संगीतकार आहेत?” “लिफ्ट दुरुस्त करतात.” मासिकवालीला तो विनोद वाटला. आता एका छोट्या कंपनीनं आठ ट्रॅकचा पूर्ण अल्बम मागितला होता. सात झाले होते, आठवा होत आला होता.

तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी आठवा ट्रॅक अप्पांना ऐकवायचा होता. अप्पा नेहमीसारखे तिच्यासमोर स्टुलावर बसले. हेडफोन लावला, ट्रॅक सुरू झाला, ते मान हलवायला लागले. टिमकीची नजर सहज त्यांच्या उजव्या कानावर गेली. हेडफोनवरचा बारीक हिरवा दिवा लागलेला नव्हता. बॅटरी संपली होती.

अप्पा मान हलवत होते, तालात. त्यांचे डोळे उघडे होते आणि तिच्या पायावर होते. तिला सवय होती, लॅपटॉपवर ट्रॅक सरकताना दिसला की तिचा पाय आपोआप ठेका धरायचा. तिनं पाय थांबवला. अप्पांची मान थांबली. तिनं मुद्दाम वाकडातिकडा, भलताच ठेका धरला. मान तशीच वाकडीतिकडी चालायला लागली.

अप्पा डोळे उघडे ठेवून कधीपासून ऐकायला लागले होते? दिवसभर लोकांचे कान तपासणाऱ्या पोरीच्या एवढं लक्षात येऊ नये?

ट्रॅक संपल्यावर त्यांनी हेडफोन काढून नीट तिच्या हातात दिला. “छान झालंय. शेवटी खालचं अजून थोडं येऊ दे.”

“बरं, अप्पा,” टिमकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती डबा द्यायचं निमित्त करून त्यांच्या मागे मशीन रूमपर्यंत गेली. अप्पांनी स्क्रू-ड्रायव्हर मोटरला टेकवून कानाला लावला होता. “गोड चाललंय,” ते म्हणाले. टिमकी दारात उभी होती. तिथून तिला तो आवाज स्पष्ट येत होता, डासासारखा.

“अप्पा, ब्रेक बघता का जरा?”

त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. “बघणारच होतो,” म्हणाले. उघडलं, तर ब्रेकचं लायनर झिजून पार कागदासारखं झालं होतं. ते त्यांनी बदललं. परतताना दोघं जिन्यानं उतरली.

मग कालची तपासणी. दर वर्षी अप्पा आवाजबंद खोलीत काचेपलीकडे तिच्याकडे तोंड करून बसायचे. आवाज सोडायच्या आधी टिमकीची हनुवटी जराशी खाली जाते, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. अप्पांना ते ठाऊक असावं. काल तिनं खुर्ची भिंतीकडे फिरवून ठेवली. खालच्या सुरांना अप्पांनी बटण दाबलं, तिच्या समोरचा दिवा लागला. ती वर वर जात राहिली, आवाज वाढवत राहिली. दिवा लागेना. काचेपलीकडे अप्पांची पाठ ताठ होती आणि अंगठा बटणावर तयार होता.

दार उघडल्यावर ते म्हणाले, “झालं पण? या वेळी लवकर आटपलंस.”

त्यानंतर टिमकीनं ते आठ ट्रॅक पुन्हा ऐकले. वरचं सगळं काढून टाकलेलं होतं. त्यातली अप्पांची दुरुस्ती कुठली आणि अप्पांचं दुखणं कुठलं, हे तिला आता सांगता आलं नसतं.

“इतक्या वर्षांत त्यांच्या हातची एक लिफ्ट कोसळलेली नाही,” आई अजून हटत नव्हती.

मग टिमकीनं ब्रेकचं सांगितलं. सगळं, कागदासारख्या लायनरसकट. आत्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. आई खुर्ची ओढून खाली बसली.

“मला काय माहीत नाही का गं?” ती म्हणाली. “दोन वर्षं झाली, त्यांच्याशी बोलायच्या आधी मी दंडाला हात लावते. सकाळी गजर वाजून वाजून थकतो, तेव्हा मीच त्यांना हलवून उठवते. पण ती हत्यारांची पिशवी खांद्याला लावून बाहेर पडतात ना, तेवढा वेळ तरी ते पहिल्यासारखे दिसतात.”

अप्पा दारात येऊन उभे होते. कधी आले, कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांनी तिघींचे चेहरे एकामागून एक बघितले, मग टेबलावरचा फॉर्म.

“किती गेलंय?” त्यांनी विचारलं. आवाज मोठा होता, अलीकडे असायचा तसा.

टिमकीनं पेन घेतलं आणि फॉर्मवरच्या चौकटीत खरा आलेख काढला. डावीकडे, खालच्या सुरांपाशी, थोडा सपाट, मग वरच्या सुरांकडे उतरत उतरत थेट तळाला. अप्पांनी तो हातात धरून, बिघाडाचा कागद वाचावा तसा वाचला.

“ब्रेकचा आवाज यात कुठं येतो?”

तिनं उजवीकडे तळाशी बोट ठेवलं.

अप्पा बोटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मधे एका रविवारी तू ऐकवलंस. एरवी खालचं तरी थोडं धडधडतं. त्या दिवशी काहीच आलं नाही. मला वाटलं, तेवढंही गेलं.”

“बॅटरी संपली होती, अप्पा,” ती म्हणाली. त्यांना कळलं नाही. तिनं तोंड त्यांच्यासमोर आणून, एकेक शब्द सुटा करून पुन्हा सांगितलं, “हेडफोन. बंद. होता.”

अप्पांनी तिचे ओठ वाचले. मान हलवायला गेले आणि मध्येच थांबले. त्यांनी तिच्या हातातलं पेन घेतलं, आलेखाखाली आपली सही केली आणि फॉर्म तिच्या सहीसाठी पुढे सरकवला. आत्यानं पदर डोळ्यांना लावला. टिमकीनं सही केली.

“उद्यापासून मी कामावर जाणार नाही,” अप्पांनी सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. “आणि रविवारी मला ऐकायला बसवायचं नाही.”