पायच्या घाटातली बैलगाडी

इन्थोनला गाडी चालवण्याचं वेड होतं. चिआंग माईहून डोंगरातल्या पाय या गावी जाताना सातशे बासष्ट वळणं लागतात, त्यातल्या एकालाही त्याने कधी भीक घातली नाही. बायको बुआचान शेजारी बसून तीस वर्षं एकच सांगत आली, "जरा हळू." मग ती ओकायची. तिच्यासाठी पुढच्या कप्प्यात प्लास्टिकची पिशवी कायमची ठेवलेली असे.

ती गेल्यावर त्याने विजेची गाडी घेतली. पेडल दाबताच उसळते, एवढंच त्याने पाहिलं. पिशवी मात्र सवयीने नव्या गाडीतही ठेवली. गाडीवेड्या मित्रांनी त्याला एकदा सोबत नेलं, परत बोलावलं नाही. "तुझी गाडी चार्ज होईस्तोवर आम्ही दर गावात नूडल्स खायच्या का? पोट एकच आहे बाबा." इन्थोनही हसला, पण ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं. त्यानंतर तो एकटाच फिरू लागला.

आज बुआचानचं वर्षश्राद्ध होतं. तिच्या माहेरच्या विहारात भिक्खूंना जेवण द्यायचं होतं. भिक्खू अकराला जेवायला बसत आणि बारानंतर अन्नाला शिवत नसत. तिच्या आवडीची टोमॅटो-खिम्याची चटणी त्याने पहाटे स्वतः केली. डबा शेजारच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावला आणि नेहमीसारखा सुसाट सुटला.

पायला पोचला तेव्हा बॅटरी अठ्ठावीस टक्क्यांवर आली होती आणि चार्जिंगचं यंत्र बंद होतं.

"तारेवर झाड पडलंय, काका," शेजारी कॉफी विकणारी नांग सेंग म्हणाली. "दुपारपर्यंत काही खरं नाही."

"मला अकराच्या आत खिंडीपलीकडे जायचंय. पन्नास किलोमीटर."

"चालवता कशी?"

"चालवतो तशी."

"मग खिंडीतच बसाल. बैलगाडीसारखी न्या. उतारावर बॅटरी थोडी भरते परत. माझा दीर तशीच नेतो."

दुसरा इलाज नव्हता. एसी बंद करून, काचा खाली घेऊन तो निघाला. कोबीचे ट्रक पुढे गेले. स्कूटरवरच्या दोन म्हाताऱ्याही पुढे गेल्या, आणि वळून बघत गेल्या. माथ्यावर सहा टक्के उरले होते. उताराला लागल्यावर आकडा हळूहळू चढू लागला. सात. आठ.

"बघ," तो मोठ्याने म्हणाला, आणि शेजारी पाहिलं तर डबा होता.

पावणेअकराला तो विहाराच्या अंगणात शिरला. थोरले भिक्खू ओट्यावरच होते.

"यंदा गाडीचा आवाजच आला नाही," ते म्हणाले. "बुआचान तर उतरल्या उतरल्या त्या चिंचेखाली डोकं धरून बसायची."

"हो, भंते."

डबा त्यांच्यापुढे ठेवून मेणबत्तीसाठी काडेपेटी आणायला तो गाडीकडे परतला. कप्पा उघडला तर वरच ती पिशवी होती, घडी घातलेली. इतक्या वर्षांत या रस्त्यावर ती पहिल्यांदाच वापरावी लागली नव्हती.

असं हळू चालवणं त्याला जमत होतं. कधीही जमलं असतं.

काडेपेटी हातात घेऊन तो बराच वेळ शेजारच्या सीटवर बसून राहिला. आत भिक्खू जेवायला बसले होते.