रेवणप्पाचा शेवटचा सुरुंग

रेवणप्पा माझा धाकटा भाऊ. निलंग्यापासून उदगीरपर्यंत हीर खोदावी तर त्यानंच. सुरुंग असा लावायचा की खडक फुटंल पण वरची मातीची ढेप हलणार न्हाई. धंदा त्याला मीच शिकवला. मी चौथी पास, घरातला थोरला. माझा शब्द त्यानं कधी खाली पडू दिला न्हाई.

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या तिसऱ्या साली पाऊसच न्हाई. साऱ्या हिरी आटल्या. आमच्या हिरीत मातुर सकाळपर्यंत कमरेएवढं साचायचं. सारं गाव तितंच भरायचं अन् माझा ऊस वाळून राहिला होता. तशात जिल्ह्याच्या नव्या हापिसाची जीप आली. साहेब म्हणला, "आठ दिवसांनी ही हीर सरकार घेणार, गावाला प्यायला."

बापाची हीर अन् मालक सरकार? माझं डोस्कंच फिरलं. म्हणलं, आठ दिवसांत ऊस भिजवून घ्यायचा. झरा शेजारच्या धुरपताबाईच्या जमिनीतनं यायचा. झऱ्याचं तोंड फोडून मोठं केलं की तिच्या जमिनीखालचं सारं पाणी माझं.

रेवणप्पा खाली उतरला. हातानं खडक चाचपला.

"अण्णा, हितं बार नको. खडक भेगाळ हाय. पाणी यायचं न्हाई, हाय ते खाली जाईल."

"मला शिकवतूस व्हय?"

"पाया पडतो, अण्णा."

"भ्या वाटत असंल तर बांगड्या भर."

त्यानं दारू ठासली. बार झाला.

दुसऱ्या सकाळी तळाला चिखल. झऱ्याचं पाणी पडायचं अन् फुटलेल्या खडकात गुडूप व्हायचं. रेवणप्पानं भेगांत माती कोंबली, पोती कोंबली, सोताचं धोतर फाडून कोंबलं. दिसभर खाली होता. हाताची सालटी गेली. वर बाया घागरी घेऊन उभ्या.

साहेब आला. "कुणी केलं हे?"

रेवणप्पानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

"माझाच अंदाज चुकला, साहेब," त्यो म्हणला.

त्यानंतर त्याला कुणी कामाला बोलावलं न्हाई. बायको रत्नम्मा घागर घेऊन निघाली की लोक दार लावायचे. दोन महिन्यांनी दोघं वळकटी घेऊन भोकरच्या एष्टीत बसले, तिकडं खडी फोडायला. मी पळत फाट्यावर गेलो. गाडीम्होरं आडवा झालो अन् वरडलो, "सुरुंग माझ्या हुकमानं उडाला! ह्यो नको म्हणत होता!"

धुरपताबाई तितंच होती. "साहेबापुढं दातखीळ बसली होती का रे तुझी?"

"व्हय, बसली होती," मी म्हणलो. "रेवण्या, उतर खाली."

त्यानं खिडकीतनं तोंड काढलं. "उतरून काय करू, अण्णा? प्यायला काय देशील?"

कंडक्टरनं मला बाजूला ओढलं.

भोकरकडं कुणाला हीर खोदायची असंल तर रेवणप्पाला बोलवा. असा हात दुसरा न्हाई. आमची हीर मी घालवली, त्यानं न्हाई.