तांबं समजलेलं कुंकू

भाचीचं कानाचं यंत्र बंद पडलं, तेव्हा विंझरहून बहीण ते रुमालात बांधून भोरला माझ्याकडे घेऊन आली. भाचीच्या कानात लहानपणी ऑपरेशन करून एक भाग बसवलेला आहे. बाहेरचं यंत्र त्याला आवाज पोचवतं, तेव्हा तिला ऐकू येतं. परदेशातल्या कंपनीनं हे मॉडेल बंद केलं, आणि नव्या मॉडेलची आतल्या जुन्या भागाशी ओळखच नाही. डॉक्टर म्हणाले, तो कान पुन्हा उघडता येणार नाही. दुसरा कान तर जन्मापासून कामाचा नव्हता. मी कंपनीला मेल केले. उत्तर दर वेळी तेच, मॉडेल बंद झालंय, आणि खाली 'आपला दिवस शुभ जावो'. माझं डोकं फिरायचं.

"दादा, तुज्या कंपनीत बोर्ड तपासायचा क्यामेरा हाय न्हवं? त्येला दिसंल की," बहीण म्हणाली.

कॅमेरा होता खरा. नसरापूरजवळच्या सर्किट बोर्डांच्या कारखान्यात माझी नोकरीच त्याच्यावर आहे. साहेबांना विचारलं आणि सुट्टीच्या दिवशी यंत्र उघडलं. बोर्डाचे दोन्ही बाजूंनी मोठे फोटो काढायचे. सॉफ्टवेअर त्यातल्या तांब्याच्या रेषा ओळखतं, कुठल्या भागाचा पाय कुठं जोडलाय ते शोधतं आणि नकाशा काढून देतं. नकाशा हातात आला की तसाच बोर्ड आपण बनवू, असा माझा बेत होता.

नकाशात एक जोड दिसला, जो तिथं असायलाच नको होता. दोष सापडला म्हणून मी खुर्चीतून उठलोच, बहिणीला फोनही केला. मग स्पिरिटचा बोळा फिरवला, तर बोळा लाल. तांबं काही असं निघत नाही.

ते कुंकू होतं. खंडेनवमीला बहिणीकडे कोयता, विळा, ट्रॅक्टरची चावी यांच्या शेजारी भाचीचं यंत्रही पाटावर मांडतात. "जेच्यावर मानूस जगतंय, त्येची पूजा नगं?" असं ती म्हणायची. पूजेचं कुंकू बॅटरीच्या फटीतून आत गेलं होतं आणि सॉफ्टवेअरनं त्याला तांबं ठरवलं होतं. पुसलं, जोड नाहीसा झाला, यंत्र मात्र तसंच मेलेलं. दोष कुंकवाचा असता तर फार बरं झालं असतं.

पुढं कळलं, निम्म्या रेषा बोर्डाच्या मधल्या थरांत शिरतात. त्या बघायच्या तर बोर्ड घासून थर काढावे लागतात, म्हणजे तो कायमचा जातो. बहिणीला विचारून तेही केलं. शेवटी नकाशा पुरा झाला, अगदी सुरेख. सगळ्या महत्त्वाच्या रेषा एका जळालेल्या काळ्या चिपपाशी येऊन थांबत होत्या. त्या चिपमध्ये भरलेला प्रोग्रॅम कुठल्याच फोटोत येत नाही, आणि ऐकणं सगळं त्यातच होतं.

विंझरला जाऊन सांगितलं. बहीण म्हणाली, "मंग आता?" मी म्हटलं, "आता काय व्हायचं न्हाई." ती चुलीकडे तोंड करून बसली.

भाची माझ्या ओठांकडे बघत होती. तिला समजलं असावं. तिनं विचारलं, "मामा, मी पयल्यासारखंच बोलतीय ना?"

स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं त्या 'पयल्यासारखंच'मधला स आताच निसटायला लागला होता. मी मान हलवून हो म्हटलं, आणि ती निर्धास्तपणे बोलत राहिली.