आई ओट्यावर बसली ते दिवस

आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी. बी.एस्सी., फिजिक्स. हे मी कुणी न विचारताही सांगते.

आईची बोटं सकाळी सुजायची. मेथीच्या जुड्या बांधताना डोळ्यांत पाणी यायचं. एक्सरे स्वच्छ आला आणि माझ्या वडिलांनी, अण्णांनी, निकाल लावला, "हाडं चांगली हायेत. कामाचा कंटाळा, दुसरं काय." आई पुन्हा जुड्या बांधायला लागली. तेच मला लागलं. नाशिकच्या डॉक्टरांनी बोन स्कॅन सांगितला तेव्हा सातपूरच्या कंपनीत रजा टाकून मीच तिला घेऊन गेले.

शिरेत किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन, मग तीन तास पाणी पीत बसायचं, मग यंत्राखाली न हलता पडायचं. सुजलेल्या सांध्यात औषध जास्त साठतं, ते फोटोत दिसतं. निघताना बजावलं, आजचा दिवस गरोदर बायका आणि लहान मुलांपासून लांब राहा. घरात वहिनीला सातवा महिना. मी सायखेड्याला घरी फोन करून काकूला सगळं समजावलं.

घरी पोचलो तर ओट्यावर वेगळं घोंगडं, वेगळा तांब्या, वेगळं ताट. काकूनं दारातूनच गोमूत्र शिंपडलं.

"काकू, अगं हा विटाळ नाही!"

"मंग कधी फिटतं हे?"

"उद्यापर्यंत. आपोआप."

"मंग विटाळच की. शिकलेल्यांनी चार दिवसांचा एकावर आणला, एवढंच."

चुलतभावानं आईला विचारलं, "काकू, अंधारात चमकती का गं तू?" आई स्वतःच उठून खताच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. सगळ्यांनी फटीला डोळे लावले.

"दिसतंय का काही?" आतून आई.

"नाय."

"नीट बघा की!"

दुसऱ्या दिवशी मी फिल्म आणली. अण्णांनी ती उन्हाकडे धरली, आधी उलटी, मग सुलटी. दोन्ही मनगटांवर, बोटांच्या पेरापेरांवर काळेभोर डाग.

"एवढं सगळं दुखतंय?" त्यांनी आईला विचारलं.

"हो."

"कवापासून?"

"कांदे लागणीपासून."

काकू घोंगडं उचलायला आली. आई जागची हलली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "उतरलं का गं ते औषध?"

ते दर सहा तासांनी निम्मं होतं, हे मला पाठ होतं. मी म्हणाले, "नाही. अजून चार दिवस तरी."

अण्णा मेथीच्या ढिगापाशी बसले. पहिलीच जुडी सुटली.

"घट्ट बांधा," आई ओट्यावरून म्हणाली. "कंटाळा नका करू."